आतली खुर्ची

आमच्या घरात व्हायोलिन आलं तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न सुरांबद्दल विचारला नाही. पेटी उघडल्याबरोबर त्या म्हणाल्या, "अगं, ह्या तारा कशाच्या आहेत?"

मी उडवून लावलं. "तारा म्हणजे तारा, आई. लोखंडाच्या असतील." पण त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. "आमच्या लहानपणी सांगायचे, सारंगीच्या तारा आतड्याच्या असतात. आधी विचारून ये, मग पोरीच्या हातात दे."

गेले विचारायला. दुकानदार हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता, हे मला पुढे वाचताना कळलं. युरोपात शेकडो वर्षं व्हायोलिनच्या तारा मेंढीच्या आतड्यापासूनच करत. इंग्रजीत त्याला 'कॅटगट' म्हणतात, पण मांजराचा त्यात काही संबंध नाही. विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या, १९७०च्या सुमारास कृत्रिम धाग्याच्या तारा बाजारात आल्या, आणि आता शिकणाऱ्या मुलांच्या वाद्यांवर बहुतेक ह्याच दोन जाती असतात. तारांचं निभावलं. गजाचं मात्र अवघड होतं, कारण गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावतात. "केस कापले म्हणून घोडा मरतो थोडाच," असं मी म्हणाले खरी. पण बाजारात येणारे केस बरेचदा कत्तलखान्यातल्या घोड्यांचे असतात हेही वाचनात आलं. मग कृत्रिम केस मागवून गज पुन्हा बांधून घेतला. आवाज जरा कोरडा येतो म्हणतात. आमच्या घरात तो चालतो.

हे सगळं सांगायचं कारण असं, की वाद्य वाजायला लागलं की ते कशाचं बनलंय, कोणाच्या जिवावर वाजतंय, हे आपण विचारत नाही. सासूबाईंनी एका वाद्याला विचारलेला प्रश्न मला अख्ख्या वाद्यवृंदाला विचारायचा आहे. वाद्यवृंद कशाचा बनतो? कोणाच्या जिवावर उभा राहतो? आणि आपल्या हैदराबादेत तो उभा राहत नाही, राहिला तर टिकत नाही, ते का?

*

आमची मुलगी आधी शेजारच्या तेलुगू बाईंकडे शिकली. हैदराबादेत व्हायोलिन परकं नाही. दक्षिणेकडच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते आपलंसं केलं. बालुस्वामी दीक्षितरांचं नाव त्यात पहिल्यानं घेतात. पुढे आंध्रातल्या द्वारम वेंकटस्वामी नायडूंनी ते साथीच्या जागेवरून उचलून मैफलीच्या मधोमध आणून बसवलं. त्यामुळे चिक्कडपल्लीच्या गल्लीत संध्याकाळी फेरी मारली तर दोन-तीन घरांतून तरी व्हायोलिन कानावर येतंच. मांडी घालून, वाद्याचं डोकं पायावर टेकवून, वर्णम् घोटणाऱ्या मुली.

नंतर सिकंदराबादला पाश्चात्त्य पद्धतीनं वाजवणाऱ्यांचा एक लहान वृंद सुरू झाला. पंधरा-सोळा जण. चर्चच्या क्वायरमधले काही, सॉफ्टवेअर कंपनीतले काही, दोन डॉक्टर, एक निवृत्त रेल्वेवाले, बाकी कॉलेजची मुलं. ह्या प्रकाराला चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणतात. चेंबर म्हणजे दालन; मोठ्या सभागृहाऐवजी दालनात मावेल एवढा वृंद. पंधरापासून फार तर चाळीसपर्यंत माणसं. पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, मग व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची जरा थोराड, खालच्या आवाजाची बहीण, मग चेलो आणि सगळ्यांत खाली घुमणारा डबल बास. लागली तर दोन ओबो, दोन हॉर्न.

मुलीला दुसऱ्या व्हायोलिनांत जागा मिळाली. घरी आल्यावर तिच्या बाबांनी विचारलं, "दुसरं म्हणजे? पहिल्यात नाही घेतलं?" मी गप्प बसले, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. दुसरी म्हणजे दुय्यम, आपल्याला हेच माहीत.

मग एका रविवारी तालमीला जाऊन बसले आणि माझे डोळे उघडले. व्हायोलिनवाले दोघं-दोघं एका स्टँडपुढे बसतात. बाहेरच्या खुर्चीवरचा श्रोत्यांकडे, आतल्या खुर्चीवरचा भिंतीकडे. पान संपत आलं की आतला वाजवायचं थांबतो, पान उलटतो आणि पुन्हा सुरात येऊन मिळतो. तेवढ्या दोन-तीन सुरांपुरता बाहेरचा एकटा किल्ला लढवतो. माझी मुलगी आतल्या खुर्चीवर होती. वर पंखा गरगरत होता, कागद उडत होते, त्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले होते. दुसऱ्या व्हायोलिनांना सूर कुठला होता म्हणाल, तर जेमतेम. एकच खालचा स्वर धरून तालात टकटक करत राहायचं. पण एकदा शिकवणाऱ्यांनी मुद्दाम दुसऱ्यांना थांबवलं आणि फक्त पहिल्यांना वाजवायला सांगितलं. ती गोड धून ऐकायला इतकी उघडी-बोडकी वाटली की काय सांगू! फोडणीशिवायची आमटी. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या तालमीत मिळालं.

दोन वर्षांनी वृंद बंद पडला. शिकवणारे गृहस्थ परदेशी नोकरीला गेले. कोणाशी भांडण नाही, पैशांची अफरातफर नाही. एका माणसाभोवती जमले होते, तो माणूस गेला, संपलं. मुलीचं व्हायोलिन कपाटावर गेलं.

*

आपलंच नशीब खोटं, असं वाटून मी मुंबईचा इतिहास वाचायला घेतला. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा आपल्याकडचा सगळ्यांत सलग इतिहास मुंबईचा. आणि तिथेही हीच कथा मोठ्या अक्षरांत लिहिलेली सापडली.

१९३५ मध्ये मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. हिशेबनीस माणूस, व्हायोलिन बरंचसं आपलं आपण शिकलेला. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, त्यांना मुलगा झाला. तेच आपले झुबिन मेहता. वृंदात हौशी पारशी होते, हॉटेलांत आणि सिनेमात वाजवणारे गोव्याचे लोक होते, फुंकवाद्यांना माणसं कमी पडली की नौदलाच्या बँडातून यायची. मेहलींनी शिवाय चार वाद्यांची चौकडीही चालवली. तिच्या तालमी घरातच व्हायच्या. झुबिन त्या ऐकतच वाढले. १९४५ मध्ये मेहली न्यूयॉर्कला शिकायला गेले, चार वर्षांनी परत आले, पण १९५०च्या दशकात मुंबई सोडून आधी इंग्लंडात मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात आणि पुढे अमेरिकेत गेले. लॉस एंजलिसला त्यांनी तरुणांचा वृंद तीसहून अधिक वर्षं चालवला. मुंबईचा त्यांचा वृंद मात्र त्यांच्यामागे उरला नाही.

यात मेहलींचा दोष काढायचा नाही. पोटापाण्यासाठी माणूस जातो. माझी तक्रार आहे ती हा इतिहास ज्या रीतीनं सांगितला जातो त्याबद्दल. वडिलांनी वृंद काढला, मुलगा जगप्रसिद्ध झाला, १९८४ मध्ये न्यूयॉर्कचा आणि १९९४ मध्ये इस्रायलचा वृंद घेऊन मुंबईला आला, टाळ्या. ह्या गोष्टीत व्हायोला वाजवणाऱ्यांचं पुढे काय झालं? मेहली गेल्यावर सोमवारी संध्याकाळी ती माणसं कुठे जाऊन वाजवत होती? त्यांनी वाद्यं विकली का? त्यांच्या मुलींना शिकवलं का? संस्थेचा इतिहास लिहायचा तर तो ह्या प्रश्नांपासून सुरू व्हायला हवा. एका घराण्याचा इतिहास वेगळा आणि संस्थेचा वेगळा. आपण पहिला वाचतो आणि दुसरा वाचल्याचं समाधान मानतो.

ह्याच्या उलट उदाहरण बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्राचं. १९६२ पासूनचा हा वृंद. त्याच्याबद्दल वर्तमानपत्रात मोठे मथळे फारसे आले नाहीत. पण जिनी दिनशॉ नावाच्या पारशी बाईंनी दशकानुदशकं तो सांभाळला, हौशी वादकांना हाताशी धरून. नोकरी करून, दवाखाना करून संध्याकाळी वाजवायला येणारी माणसं. आता हौशी वृंदात काय काय होतं ते मी जवळून पाहिलंय. कोणाची परीक्षा, कोणाची रात्रपाळी, कोणाकडे लग्न. आज चेलो नाही, उद्या ओबो नाही. सूर कधी सरकतो, गती कधी ढळते. तरी पुढच्या आठवड्यात खुर्च्या मांडायच्या आणि पुन्हा बसायचं. बायांनो, हे काम आपल्याला ओळखीचं वाटतंय का? आपलं महिला मंडळ, आपली पाठशाळा कोण चालवतं? व्यासपीठावर भाषण करणारे, की किल्ली घेऊन अर्धा तास आधी येऊन झाडून घेणारी?

म्हणून मला मेहलींबद्दल आदर आहे, आणि जिनीबाईंबद्दल कुतूहल आहे. पहिल्यांनी वृंद जन्माला घातला, दुसरीनं तो रोज जेवू घातला. आपल्याकडे पहिल्याचं चरित्र निघतं.

*

मग पैसा आला तर हे सगळं सुटतं का? तेही मुंबईनंच करून पाहिलं. २००६ मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएत, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. खुश्रू सनटूक यांची कल्पना, आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव संगीताची बाजू बघायला. भारतातला हा पहिला पूर्ण व्यावसायिक वृंद मानला जातो. वर्षातून दोन हंगाम, साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात. २०१९ मध्ये इंग्लंडचा दौरा झाला. २०२३ मध्ये खुद्द झुबिन मेहतांनी ह्या वृंदाचं संचालन केलं.

दर्जाबद्दल बोलायचं तर, हौशी वृंदांनी कधी स्वप्नातही न पाहिलेली सफाई ह्या वृंदात आहे. पण मंचावर नजर फिरवली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. हंगामापुरते बाहेरदेशातून येणारे वादक पुष्कळ, इथे राहणारे भारतीय मोजके. त्यावरून खूप टीका झाली. मी त्या टीकेत अर्धीच सामील आहे. भारतात शंभर तयार वादक नव्हतेच, तर आणणार कुठून? पाहुणे बोलावले नसते तर वृंदच झाला नसता. पण पाहुण्यांवर स्वयंपाक किती वर्षं सोपवायचा? हा प्रश्न त्या संस्थेलाही पडला असावा, कारण २०१२ मध्ये त्यांनी लहान मुलांसाठी स्वतःची संगीत अकादमी काढली. शिवाय इथे राहणाऱ्या वादकांचा वेगळा चेंबर ऑर्केस्ट्राही केला. माझ्या मते त्या संस्थेचं मोल शेवटी ह्या दोन गोष्टींवर ठरेल. दहा वर्षांनी मंचावरच्या व्हायोलांच्या रांगेत त्या अकादमीतली किती मुलं बसलेली दिसतात, ते मोजावं. तेच खरं प्रगतिपुस्तक.

कारण वादक आभाळातून पडत नाही. गोव्याकडे बघा. तिथं पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मास्तर मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. गरिबाघरची मुलंसुद्धा कागद पुढे ठेवला की वाजवू शकत. चर्चला उत्सवासाठी वादक हवे होते, म्हणून शिक्षण होतं. त्या शिक्षणाचा मुंबईच्या सिनेमाला किती फायदा झाला, ते आपण सगळ्यांनी रेडिओवर ऐकलंय. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे जो तंतुवाद्यांचा लोंढा येतो, त्याची लेखणी सेबॅस्टियन डिसूझांची होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वृंदरचना एकत्र करणारा स्वतःचा वृंद बांधला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तोही टिकला नाही. लोकांना त्यांचं नाव माहीत झालं ते १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यातून, आणि तो खरा माणूस आहे हे ऐकणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. गाण्यांच्या तबकडीवर गायकाचं, संगीतकाराचं नाव. वाजवणाऱ्यांचं नाव नाही. त्या वाद्यवृंदांत बायका तर बोटांवर मोजण्याइतक्या. पियानोवर ल्युसिला पाचेको, सरोदवर झरीन दारूवाला. त्यांची बोटं आपण हजार वेळा ऐकली आणि नाव एकदाही उच्चारलं नाही.

हैदराबादला गोव्यासारखी शाळा मिळाली नाही. इथे निजामाच्या दरबारापासून मैफलीची परंपरा. एक गवई, त्याची साथ, समोर रसिक. पंडित जसराज यांचे वडील पंडित मोतीराम यांचं इथेच १९३४ मध्ये निधन झालं, आणि त्यांच्या आणि पंडित मणिराम यांच्या स्मरणार्थ भरणारा संगीत समारोह हे शहर आज कित्येक दशकं ऐकत आलंय. मैफल ऐकणारा कान इथे तयार आहे. पण मैफलीत गुणी माणूस एकटा पुढे येतो. शेजारच्या सोळा जणांबरोबर गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली न्यायचा, आपला आवाज वेगळा ऐकू आला तर ती चूक मानायची, ही शिस्त निराळी. चिक्कडपल्लीच्या त्या गल्लीत उत्तम व्हायोलिनवाल्या मुली आहेत. त्यांना कागदावरून वाचायला शिकवणारा आणि एका रांगेत बसवणारा नाही. व्हायोला तर अख्ख्या गल्लीत नाही.

*

आता खास आपल्या बायकांची गोष्ट.

व्हेनिस शहरात पिएता नावाचं अनाथ मुलींचं घर होतं. टाकून दिलेल्या मुली तिथे वाढत. त्यांतल्या निवडक मुलींना गायन-वादन शिकवत, आणि त्यांचा वृंद इतका नावाजला की युरोपभरचे प्रवासी तो ऐकायला येत. १७०३ मध्ये तिथे व्हायोलिन शिकवायला एक तरुण पाद्री लागला, त्याचं नाव विवाल्दी. त्याच्या कितीतरी रचना ह्या मुलींच्या बोटांसाठी लिहिलेल्या. वयानं मोठ्या मुली धाकट्यांना शिकवत. आडनाव नव्हतंच, म्हणून वाद्याच्या नावानं ओळख. एकीचं नाव आना मारिया दाल व्हायोलिन, म्हणजे व्हायोलिनवाली आना मारिया. आणि ह्या सगळ्या वाजवत त्या उंचावरच्या जाळीआड. ऐकणाऱ्याला सूर यायचे, चेहरे दिसायचे नाहीत. लग्न करून बाहेर पडलं की बहुतेकींचं जाहीर वादन संपायचं.

वाचताना मला आपल्या जुन्या हैदराबादेतल्या देवड्या आठवल्या. दिवाणखान्यात मैफल, वरच्या सज्ज्यात चिलमनीआड बायका. तिथे ऐकणाऱ्या आड होत्या, व्हेनिसला वाजवणाऱ्या. जाळी तीच.

पण पडद्याची पुढची गोष्ट मोठी मजेची आहे. अमेरिकेत वाद्यवृंदात भरती करताना बायकांना डावलतात, अशी तक्रार होती. ऐकणाऱ्या परीक्षकांना वाटायचं आपण निव्वळ सूर ऐकतोय, पण डोळे आधी बघून घेत. मग १९७० आणि ८०च्या दशकांत बऱ्याच वृंदांनी परीक्षकांपुढे पडदा लावला. पलीकडे कोण वाजवतंय ते दिसायचं नाही. उंच टाचांचा आवाज येऊ नये म्हणून खाली गालिचासुद्धा अंथरत. अमेरिकेतल्या पाच मोठ्या वृंदांत १९७० मध्ये बायका शंभरात पाचसुद्धा नव्हत्या. १९९७ पर्यंत त्या पंचवीस झाल्या. सगळी किमया पडद्याचीच असं अभ्यासकही म्हणत नाहीत, शिकणाऱ्या मुलीही वाढल्या होत्या. पण पडद्याचा वाटा मोठा असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. उलट व्हिएन्नाच्या जगप्रसिद्ध फिलहार्मोनिकनं पहिली बाई अधिकृत सभासद म्हणून घेतली ती १९९७ मध्ये. ती हार्पवादक आना लेल्केश वीसहून अधिक वर्षं त्यांच्यात बसून वाजवत होती, नाव मात्र यादीत नव्हतं. वीस वर्षं! आपल्यातल्या कितीजणी दुकानाच्या गल्ल्यावर तितकी वर्षं बसल्या आहेत आणि पाटीवर नाव 'अँड सन्स' आहे, ते ज्याचं त्यानं मोजावं.

ज्या पडद्यानं बाईला झाकलं, त्याच पडद्यानं तिला जागा मिळवून दिली, हे वाचून मला बरं वाटलं आणि वाईटही. बरं ह्यासाठी, की सूर ऐकला तर बाई कमी पडत नाही हे सिद्ध झालं. वाईट ह्यासाठी, की सिद्ध करायला तिचं तोंड झाकावं लागलं.

*

शेवटी व्यवहाराचं बोलते, कारण आपण व्यापाऱ्याघरच्या बायका, व्यवहार आपल्याला कळतो.

चेंबर ऑर्केस्ट्रा चालवायला काय लागतं? तालमीला दर आठवड्याला तीच जागा. चांगल्या पाठीच्या, बिनहाताच्या खुर्च्या. हात असलेल्या खुर्चीत गज अडकतो. स्टँड, दिवे. स्वरलिपीचे कागद, आणि ते सांभाळणारा एक जण, जो प्रत्येक भागावर गज कुठे वर, कुठे खाली हे पेन्सिलीनं लिहून ठेवतो. हैदराबादचा मे महिना लाकूड सुकवतो आणि जुलै ते फुगवतो, तेव्हा वाद्यांची देखभाल. शिकवणाऱ्याचा पगार, आणि तो एक गेला तर दुसरा तयार. वर्षाला एखादा जाहीर कार्यक्रम, रवींद्र भारतीसारख्या सभागृहात. ह्या यादीत खर्च दिसतो फक्त शेवटचा, आणि देणगीही त्यालाच मिळते. बॅनर, हार, शाल, श्रीफळ. तालमीच्या जागेच्या भाड्याला कोणी देणगी दिलेली मी पाहिली नाही. आमचा वृंद बंद पडला त्याचं कारण शिकवणारे गेले हे आम्ही सांगतो. खरं कारण, त्यांच्या जागी दोन वर्षांत आम्ही कोणालाच तयार केलं नव्हतं, हे आहे. त्या 'आम्ही'त मी आहे. दोन वर्षं मी मुलीला सोडायला जायची, बाहेर गाडीत बसून फोन बघायची. आत जाऊन एक खुर्ची उचलली नाही.

आपल्या मंदिरात पहिल्या अभिषेकाची बोली लागते. किती चढते ते आपल्याला ठाऊक आहे. पहिला कलश ज्याचा, त्याचं नाव माइकवरून सांगतात. अमेरिकेतल्या मोठ्या वृंदांत असंच काहीसं आहे: श्रीमंत माणूस एका खुर्चीच्या नावे कायम ठेव ठेवतो, व्याजातून त्या खुर्चीवरच्या वादकाचा पगार भागतो, आणि कार्यक्रमपत्रिकेत खुर्चीपुढे दात्याचं नाव छापतात. तिकडेही पहिल्या व्हायोलिनाची खुर्ची मोक्याची, हे ओघानं आलं. नाव हवं असणं वाईट नाही. नावानं मंदिरं उभी राहिली. पण मला विचारायचंय, दुसऱ्या व्हायोलिनाच्या आतल्या खुर्चीची बोली कोण लावेल? भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या, पान उलटणाऱ्या मुलीच्या खुर्चीची?

मागच्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला. म्हटलं, आपल्या पाच-सहा मुली व्हायोलिन शिकतात. रविवारी पाठशाळेनंतर हॉल रिकामाच असतो. एक जुना व्हायोला घेऊ, एक शिक्षक ठेवू, चिमटे मी घरून आणते. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग खजिनदार बाईंनी विचारलं, "चांगलं आहे हो, पण देणाऱ्याचं नाव कुठे लिहायचं? व्हायोलावर?" सगळ्या हसल्या. मीही हसले. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "त्या मोठ्या वाद्याच्या तारा कशाच्या असतात गं?" "पोलादाच्या मिळतात, आई." त्यांनी मान हलवली. मुलगी तिथेच बसली होती. तिनं स्टूल घेतलं आणि कपाटावरची पेटी खाली काढली. चार तारांपैकी एक तुटलेली होती, बाकीच्या उतरलेल्या.

व्हायोला अजून आलेला नाही. पुढची बैठक पंधरा तारखेला आहे.